झाडावरचे मामा

मिलिंद गेल्याची बातमी मला त्याच्याच फोनवरून आली. सिंगापूरला तांजोंग पगारच्या ऑफिसात सकाळचा चहा हातात होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या नावानं इंग्रजीत एक ओळ उमटली, की बाबा गेले, जमलं तर या. माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. तो असा होता, की कुणीतरी याचा फोन हॅक केलाय. मी एका बँकेत फसवणूक पकडण्याचं काम करतो. ओळखीच्या माणसाच्या नावानं आधी वाईट बातमी येते, मग मदतीची विनंती येते, हे आमच्या विभागात रोजचंच. म्हणून उत्तर न लिहिता मी फोन लावला. पलीकडे त्याची मुलगी तारा बोलत होती, किंवा तारासारखं कुणीतरी. हल्ली आवाजाचाही भरवसा राहिलेला नाही. मी तिला विचारलं, गेल्या रविवारी मी तुमच्याकडे काय जेवलो? बारीक आवाजात उत्तर आलं, "सावजी मटण. काका, इट्स मी, लाह. इट्स रिअली मी." तो 'लाह' इथल्या पोरांच्या इंग्रजीतला, तिचाच होता.

लॅबला जायला निघालेला माणूस बसस्टॉपवर जरा टेकला आणि उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. माझा त्यावरही विश्वास बसत नव्हता. रोज पोहणारा, जिने चढून जाणारा, जेमतेम पन्नाशीचा माणूस. त्याच्या बायकोला, प्रज्ञाला, मी विचारलं की सगळं नीट तपासलं ना. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ती पाहुण्यांच्या चपला एका बाजूला सरकवू लागली. आता काही आठवडे झालेत आणि मी माझ्याशी तरी कबूल केलंय, की यात पकडण्यासारखं काही नाही. तो गेला आहे.

आमची ओळखही संशयातूनच झाली. बुओना व्हिस्टाजवळचा एक फ्लॅट भाड्यानं घ्यायचा म्हणून मी बघायला गेलो, तर आत एक सावळा, उंच गृहस्थ स्वयंपाकघरातले नळ सोडून बघत होता आणि मराठीत स्वतःशीच म्हणत होता, "प्रेशर चांगलं आहे न." मला खात्रीच पटली, की एजंटनं भाव चढवायला उभा केलेला हा माणूस आहे, आणि मला फशी पाडायला मुद्दाम मराठी निवडलाय. मी त्याला नोकरी कुठं, गाव कुठलं, इथं राहण्याचा पास कसला असं सगळं खोदून विचारलं. तो भातावर संशोधन करतो, भाताच्या जनुकांवर, आणि नागपूरजवळच्या कामठीचा आहे, हे त्यानं न रागावता सांगितलं. शेवटी म्हणाला, "फ्लॅट तुम्हीच घ्या, इन्स्पेक्टर. मला समोरच्या बिल्डिंगमधला आवडला." तेव्हापासून मी त्याचा इन्स्पेक्टर झालो. मी कुणावरही विश्वास ठेवायचो नाही आणि तो सगळ्यांवर ठेवायचा, म्हणूनच बहुधा आमचं जमलं. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरवर तो टेबलावर पाकीट ठेवून जेवण आणायला जायचा आणि मी पाकिटाची राखण करत बसायचो.

डीएनए चाचणीची ती पेटी त्याला लॅबच्या वर्षअखेरच्या पार्टीत भेट म्हणून मिळाली. नळीत थुंकायचं, नळी पाठवायची, आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कुठले ते कळतं. मी त्याला बजावलं, की पासवर्ड बदलता येतो, थुंकी बदलता येत नाही, असल्या कंपन्यांच्या हाती ती देऊ नये. त्यानं त्याच रात्री थुंकून नळी बंद केली. निकाल आला तो बहुतेक अपेक्षेप्रमाणे मध्य भारतातला होता, पण साधारण आठवा हिस्सा आयर्लंडचा निघाला. मी म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झालीय. तो हसला नाही. म्हणाला, "नाही रे. आजीला गल्लीत गोऱ्याची म्हणायचे. आम्हा पोरांना वाटायचं, रंग उजळ म्हणून म्हणतात."

मग त्यानं सांगितलं ते असं. कामठीला इंग्रजांची छावणी होती. त्याची पणजी तिथल्या एका बंगल्यात कामाला होती. तिला मुलगी झाली, लग्न कधी झालं नाही, आणि बाप कोण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ती मुलगी म्हणजे मिलिंदची आजी. तिनं उभ्या आयुष्यात लोकांच्या नजरा सोसल्या, इस्पितळात आया म्हणून नोकरी केली, नवरा लवकर गेला तरी दोन मुलं वाढवली. दीक्षेच्या वेळी पांढरं पातळ नेसून ती कामठीहून नागपूरला चालत गेली होती. मुलगी बोटाला आणि धाकटा कडेवर. ही गोष्ट मिलिंद फार अभिमानानं सांगायचा. त्या दिवसानंतर आजीला कुणी गोऱ्याची म्हटलं, की ती म्हणायची, मी आता फक्त बाबासाहेबांची. माझे स्वतःचे डोळे घारे आहेत आणि आमच्या पुण्याच्या घरात त्यांचं केवढं कौतुक. मिलिंद मला चिडवायचा, की तू चाचणी करत नाहीस कारण तुला भीती वाटते हे डोळे आले कुठून ते कळेल. मी म्हणायचो, मी थुंकी कुणाला देत नाही, बस. तो मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही.

संकेतस्थळावर ज्यांचं रक्त जुळतं त्यांची नावं दिसतात. मिलिंदचं जुळलं ते आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातल्या नोरा नावाच्या एका बाईशी. तिनं लगेच लिहिलं, की आपण लांबचे बहीणभाऊ दिसतो, माझ्या आजोबांचा भाऊ फौजेत होता आणि हिंदुस्थानात होता, तुमच्या आईचा फोटो पाठवाल का? मला हे सगळं नमुनेदार वाटलं. आधी नातं, मग फोटो, मग अडचण. मी मिलिंदला सांगितलं, फोटो देऊ नकोस, आधी व्हिडिओवर बोल, आणि मी शेजारी बसणार. ठरल्याप्रमाणे आम्ही बसलो, तर पडद्यावर नोराच्या शेजारीही एक जाडजूड गृहस्थ हाताची घडी घालून बसलेला. तो तिचा भाऊ. आमच्याकडे टक लावून बघत होता. बऱ्याच वेळानं नोरानं लाजत सांगितलं, की भावाला वाटतंय तुम्ही आमच्या शेतजमिनीवर हक्क सांगायला आलात. मिलिंद खो खो हसला. तो भाऊ आणि मी मात्र हसलो नाही. आमची जात जगभर एकच असावी.

त्या फौजी आजोबांबद्दल नोराला फारसं ठाऊक नव्हतं. परत आले, लग्न केलं नाही, हिंदुस्थानाचं नाव कधी काढलं नाही. मी म्हटलं, न बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मिलिंद म्हणाला, की पणजी राजीखुशीनं गेली की तिच्यावर जबरदस्ती झाली, एवढंच मला हवं होतं, आणि ते थुंकीत सापडत नाही. तरी नोराच्या सांगण्यावरून त्यानं आणखी एक गोष्ट करायची ठरवली. जुन्या पिढीतल्या माणसाची चाचणी केली तर नातं अधिक पक्कं कळतं. म्हणून सुट्टीवर कामठीला जाताना त्यानं एक पेटी आईसाठी नेली.

आईंनी साफ नकार दिला. आपली थुंकी परदेशात पाठवायची नाही, असं म्हणाल्या. मग मिलिंदनं मामांना विचारलं. हे त्यांचे धाकटे भाऊ, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर शास्त्र शिकवलेले. मिलिंदला लहानपणी सायकल त्यांनी शिकवली, शाळेत त्यांनी घातलं, लग्नात पाठीशी तेच उभे राहिले. आई म्हणाल्या, त्याला कशाला त्रास देतोस. मामा म्हणाले, भाचा एवढ्या लांबून घेऊन आलाय, आणा ती नळी. परत आल्यावर मिलिंदनं हे मला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात कुठंतरी घंटा वाजली. स्वतः नाही म्हणणारं माणूस दुसऱ्यालाही अडवतं, तेव्हा ते थुंकीची काळजी करत नसतं. पण मिलिंदला मी हे बोललो नाही. त्याच्या आईवर संशय घ्यायचा म्हणजे फारच झालं असतं.

निकाल मिलिंदच्याच खात्यात आला. मामांचा आणि त्याचा काहीही संबंध नव्हता. आयर्लंड तर नव्हतंच, पण भाचा म्हणूनही नाही, दूरचा नातेवाईक म्हणूनही नाही. कंपनीच्या हिशोबानं ती दोन परकी माणसं होती. यावेळी नळ्यांची अदलाबदल झाली असं मी म्हटलं नाही, त्यानंच म्हटलं. जनुकांवर आयुष्य घालवलेला माणूस माझ्यासमोर बसून माझीच वाक्यं बोलत होता, आणि मला ते बघवत नव्हतं. शेवटी त्यानं आईला फोन लावला. मी उठून जाऊ लागलो तर हातानं बस म्हणाला. त्यानं निकाल सांगितला. पलीकडून आईंचा आवाज आला, अगदी सपाट.

"तो माहा भाऊ आहे. तुह्या त्या मशीनले सांगून दे."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आजी इस्पितळात आया होती. एक बाई बाळंत होऊन मूल तिथंच टाकून निघून गेली. आजीनं ते पदराखाली घेतलं आणि घरी आणलं. लोकांनी विचारलं की कुणाचं, तर म्हणाली माझं. ज्या बाईला आयुष्यभर विचारलं गेलं की तू कुणाची, तिनं त्या मुलाला तो प्रश्न कुणी विचारू नये याची तजवीज केली. मिलिंदच्या आई तेव्हा लहान होत्या, पण त्यांना आठवत होतं. थोड्या मोठ्या झाल्यावर आजीनं त्यांच्याकडून शपथ घेतली, की याला कधी कळता कामा नये, कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील. आजी जाऊन इतकी वर्षं झाली तरी आई ती शपथ पाळत होत्या. दुसरं कुणी असतं, तर सख्खा की मानलेला हे कुठल्याशा लग्नकार्यात कुणीतरी बोलून गेलं असतं. आपल्याकडे मानलेल्या मामांना कोण तोटा आहे? पण त्या घरात हा मामा कधी मानलेला नव्हताच, म्हणून मिलिंदला चौकशी करण्याचं कारणच पडलं नव्हतं. कडेवर नागपूरला गेलेला मुलगा हाच.

आता मामा फोनवर विचारू लागले. निकाल आला का, आपण किती आयरिश निघालो, म्हातारपणी त्यांच्यासारखी टोपी घालू का हिरवी. मिलिंदला खोटं बोलता येत नसे. तो म्हणायचा, लॅबमध्ये उशीर होतोय, आणि घाईनं फोन ठेवून द्यायचा. हॉकर सेंटरवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना त्यानं मला विचारलं, की तू काय केलं असतंस? मी म्हटलं, सांगून टाक. माणसाला स्वतःबद्दल कळण्याचा हक्क असतो, आणि लपवलेली गोष्ट कधी ना कधी बाहेर येतेच, मी रोज तेच बघतो. तो म्हणाला, "आणि आई? तिनं सगळं आयुष्य ही एक गोष्ट पोटात ठेवली. मी एका ईमेलच्या जोरावर ती मोडू?" शेवटी त्यानं ठरवलं, की दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीला जाईन तेव्हा मामांच्या समोर बसेन, त्यांच्या तोंडाकडे बघेन आणि मग काय ते ठरवीन. ती आमची शेवटची नीट झालेली भेट. रविवारचं मटण त्यानंतरचं, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

तो गेल्यावर प्रज्ञा त्याला घेऊन कामठीला गेली आणि सगळं उरकून परत आली ती सामान आवरायला. तिचा आणि ताराचा इथला पास मिलिंदच्या नोकरीवर होता, नोकरी संपली तशी इथली मुदतही संपत आली. मी खोकी बांधायला गेलो होतो. तारा शाळेची पुस्तकं मैत्रिणींना वाटून टाकत होती. प्रज्ञानं मला त्याचा लॅपटॉप दिला आणि म्हणाली, भाऊजी, यातली खाती तुम्हीच बघा, मला काही सुचत नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. थोडं बोलून तिनं तो माझ्यापुढे धरला, आणि म्हणाली की मामांना तुमच्याशी बोलायचंय.

मी मिलिंदच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मामांनी माझी विचारपूस केली, तुम्ही त्याला फार जपलंत म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की तो निकाल आला होता ना? मी बँकेतला आवाज लावला. म्हटलं, लॅबमध्ये जरा उशीर होतोय, मी पाठपुरावा करतो. पलीकडे मामा किंचित हसले.

"तुम्ही खोटं पकडता म्हणे. बोलता मात्र येत नाही तुम्हाला. मिलिंदसारखंच."

या माणसाला नक्की किती माहीत आहे आणि तो माझ्याकडून काय काढून घेऊ बघतोय, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. तेच पुढे बोलू लागले. म्हणाले, दहावीच्या वर्गाला मी आनुवंशिकता शिकवायचो साहेब, नळी हातात घेतली तेव्हाच तिच्यातून काय निघणार ते मला ठाऊक होतं. त्यांना तरुणपणीच कळलं होतं. इस्पितळातल्या एका म्हाताऱ्या आयाबाईनं मरायच्या आधी सगळं, ताईंच्या शपथेसकट, सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं, घरी आले, आईच्या हातचं जेवले आणि कुणाला काही बोलले नाहीत. मी विचारलं, मग नळीत थुंकलात कशाला? नाही म्हणायचं होतं.

"नाही म्हटलं असतं तर ताईला समजलं असतं, की मला माहीत आहे. तिनं आईला शब्द दिलाय. तो पाळला गेला असं तिला वाटू द्या. आता पोरगाही गेला तिचा… तेवढं तरी राहू द्या."

मला वाटतं माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी असा बनाव पाहिलेला नाही. दोन म्हातारी माणसं एकाच घरात, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत, एकमेकांसाठीच. आणि ताईंना मामांचा संशय म्हणून आलेला नाही. मला एकदम मिलिंदला फोन करावासा वाटला. त्याला हे कळायला हवं होतं, त्याची एवढी तगमग उगाच झाली असं सांगायचं होतं. तो नाही हे मला त्या क्षणी खरं कळलं, आणि मी त्याच्या खुर्चीत बसून मामांसमोर, फोनवरच, रडलो. ते थांबले. माझं आटोपल्यावर मी त्यांना एक गोष्ट सांगितली, कारण ती लपवणं मला बरोबर वाटेना. म्हटलं, तुमचं रक्त ज्यांच्याशी जुळतं अशी दोनतीन नावं खात्यात आहेत. लांबची आहेत, पण शोधलं तर तुमची माणसं सापडू शकतील. तुम्ही म्हणाल तर मी शोधतो.

मागे कामठीतल्या रस्त्यावरचा आवाज येत होता, कुणीतरी भाजी विकत होतं. मग त्यांनी विचारलं, की मिलिंदनं तिथं झाड काढलं होतं म्हणे, घराण्याचं. त्यात मला कुठं ठेवलंय? मी लॅपटॉप उघडला. झाडाच्या वरच्या टोकाला आयर्लंडची ती माणसं, मग पणजी, मग आजी. आजीच्या खाली दोन चौकोन.

"ताईंच्या शेजारी," मी म्हटलं.

"रेघ आहे?"

"आहे. आजीपासून दोघांना."

"बस मग," मामा म्हणाले, "बाकीचं बंद करून टाका."

मिलिंदच्या आईंना मी फोन करून सांगितलं, की निकाल आला, सगळं ठीक आहे, असं मी मामांना कळवलंय. त्यांनी बरं म्हटलं आणि मिलिंदच्या खोलीतला पंखा प्रज्ञानं पुसला का, असं विचारलं. मामांच्या नळीशी जुळणाऱ्या नावांचा शोध मी बंद केला. मिलिंदचं खातं बंद केलं नाही, तेवढं प्रज्ञाला विचारून ठेवून घेतलं. रविवारी संध्याकाळी कधीकधी मी ते झाड उघडतो. उघडलं, की पडद्यावर आधी एक लाल चौकट येते. या व्यक्तीचं नातं चाचणीशी जुळत नाही, कृपया दुरुस्त करा, असं ती सांगते, आणि खाली दोन पर्याय देते. दुरुस्त करा किंवा दुर्लक्ष करा. निकाल आल्यापासून मिलिंद झाड उघडायचा तेव्हा प्रत्येक वेळी त्याला ही चौकट दिसली असणार, आणि रेघ अजून जागेवर आहे, म्हणजे प्रत्येक वेळी त्यानं कोणतं बटण दाबलं ते उघड आहे. कामठीला जाऊन ठरवीन म्हणत होता. ठरवून तो कधीच मोकळा झाला होता. असल्या लाल चौकटी गंभीरपणे घेण्याचा मला पगार मिळतो. ही एक मी त्याच्यासारखीच घालवतो आणि मामांच्या चौकोनाकडे जरा वेळ बघत बसतो.